तुपाच्या कमाईवरची सही

देऊळगाव राजात अर्जनवीस वामनरावांना कोण ओळखत नव्हतं? अख्ख्या गावाचे अर्ज त्यांनी वेळेवर लिहिले आणि घरचं इन्कमटॅक्सचं पत्रक मात्र तीन वर्षं लिहिलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कारण होतं त्यांच्या बायकोचं, रुखमाबाईंचं तूप. माहेरच्या पाटल्या मोडून त्यांनी हा धंदा मांडला होता. खेड्यापाड्यांतलं लोणी घ्यायचं, आपल्या हातानं कढवायचं आणि डबे भरून खामगावच्या पेढीला धाडायचे. लढाईच्या दिवसांत तुपाला भाव आला आणि सरकारलाही त्याचा वास लागला. गाव मात्र म्हणे, 'वामनरावांचं तूप'. रुखमाबाईंना ते टोचायचं. त्यात थोरले दीर उत्तमराव बोलून बसले होते, "धाकल्याचा धंदा म्हंजे घराचा धंदा. अर्धा माहा."

म्हणजे पत्रक वामनरावांच्या नावानं गेलं की उत्तमरावांचं फावणार, आणि रुखमाबाईंच्या नावानं गेलं की 'बायकोच्या जिवावर जगतो' म्हणून लोक हसणार. वामनरावांनी सोपी वाट धरली. काहीच लिहायचं नाही.

शेवटी नोटीस आली. तेव्हा एका बैठकीत त्यांनी तिन्ही वर्षांची पत्रकं लिहून काढली, सगळी स्वतःच्या नावानं; लोकांच्या हसण्यापेक्षा भावाचा अर्धा वाटा परवडला. रुखमाबाईंना वाईट वाटलं, फार वाटलं. पण भांडल्या नाहीत.

"मीबी येतो संगं," एवढंच म्हणाल्या.

इन्कमटॅक्सच्या साहेबांचा मुक्काम बुलढाण्यात होता. दारापाशी देऊळगावचेच चार ओळखीचे आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. वामनरावांनी सहीला टाक उचलला, तशा रुखमाबाई पुढं झाल्या आणि उजव्या हाताची बोटं त्यांच्या कोपराला लावून उभ्या राहिल्या. सत्यनारायणाला लावतात तशी.

"बाई, हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पूजेत हाताले हात लावला का अर्धं पुण्य बायकोले भेटते," रुखमाबाई म्हणाल्या. "तूप माहं हाय, साहेब. नाव नाई लागलं, तं हात तरी लागू द्या."

साहेब हसले नाहीत. "इथं हात लावून भागत नाही. ज्याचा धंदा, त्याची सही. वामनराव, धंदा कुणाचा?"

गावाला शब्द पुरवणाऱ्या वामनरावांनी टाक खाली ठेवला. त्यांनी दाराकडे पाहिलं. चौघांचेही कान इकडेच होते. रुखमाबाईंची बोटं अजून कोपरावर होती.

"तिचा," वामनराव म्हणाले. "पाटल्याबी तिच्याच होत्या. मले कोरे कागद द्या साहेब, माही लिखाईची कमाई येगळी लिवतो."

साहेबांनी उशिराबद्दल दंड पडेल असं बजावलं आणि कोरी पत्रकं पुढं केली. दोघांची वेगवेगळी पत्रकं वामनरावांनीच लिहिली, बायकोची आधी.

"सही येते का, बाई?"

"येते ना. डब्याईवर मीच नाव टाकतो."

पण डब्यावर सरसर चालणारा हात सरकारी कागदावर अडखळला. टाक टेकेना. तेव्हा वामनराव उठून त्यांच्या शेजारी आले. दारातले चौघे बघत असताना त्यांनी आपला उजवा हात रुखमाबाईंच्या कोपराला लावला, आणि तिसरी सही होईपर्यंत काढला नाही.