कोर्टाच्या आवारात काढलेली पोत

शके १८२०, फाल्गुन शुद्ध पंचमी. परळला आमच्या खोलीत मी पापड लाटत होते. धाकटी बहीण धापा टाकत आली. तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला पोलिसांनी धरले होते. बहिणीच्या शेजारची खोली प्लेगामुळे रिकामी केलेली, आत ऊन पडावे म्हणून वरची कौले काढलेली. पोरगी तिथून उतरली आणि पितळेचा तांब्या उचलताना सापडली.

पीठ झाकून मी निघाले.

कोर्टाच्या आवारातला शिपाई हसला. "कौलातून उतरली? माकडच की! मुलगा असता तर सुधारशाळेत धाडला असता. पोरींना तशी शाळा नाही. घरच्या कुणी हमी दिली तर सुटेल, नाहीतर मोठ्या बायकांच्या तुरुंगात." मग त्याने पोरीच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे पाहिले. "लग्न झालंय? मग हमीसाठी साहेब सासऱ्याला बोलावणार."

बहीण मटकन खाली बसली. सासर लालबागेत. पोर वयात यायची होती, म्हणून अजून माहेरी. चोरी कळली असती तर त्यांनी तिला कधीच नेले नसते.

"पोत काढ," शिपाई आत जाताच मी म्हटले.

"अक्का, नवरा जिवंत असताना? आणि असल्या दिवसांत?"

लालबागेतून तेव्हा रोज तिरड्या निघत होत्या. पोरीने काळी पोत मुठीत आवळली. "मावशी, तो मेला तर?"

"मेला तर माझ्या माथी. सोड."

 गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडवली आणि पोत कनवटीला लावली.

साहेबांनी दुभाष्याकरवी विचारले. लग्न व्हायचे आहे, असे मी सांगितले. वर्षभर पोरगी नीट वागेल अशी हमी लिहून घेतली. मी सही केली, बहिणीने अंगठा उठवला.

रस्त्यावर येताच पोत पुन्हा तिच्या गळ्यात बांधली. तरी रात्री ती जेवेना.

"मावशी, गळा किती वेळ उघडा होता?"

"थोडा."

"थोड्यात मरतात का?"

"गप झोप."

ती झोपली. माझा काही डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लालबागेत गेले आणि जावयाच्या चाळीसमोर भाजीवालीपाशी उभी राहिले. बराच वेळ तो दिसेना. भाजीवाली म्हणाली, "बाई, घ्यायचं आहे की नुसतं चिवडायचं?" तेवढ्यात खांद्यावर पंचा टाकून तो नळावर आला, दात घासले, खाकरून थुंकला. मग मी मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.