लुगड्याखाली दोन बाळं

आज जुळ्यांना पहिल्यांदा एकाच वेळी पाजायला बसले. मुलीची ओढ कमी आहे, वजन वाढत नाही. मुलगा जोरात ओढतो, त्यामुळे दूध सुटतं आणि तिलाही मिळतं, असं आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी सांगितलं होतं.

दोन्ही बाजूंना आधाराला तांदळाची चुंगडी, म्हणजे पोती, ठेवली, वर गोधड्या. मुलगा लगेच प्यायला लागला. मुलीने चौथ्या प्रयत्नात तोंडात घेतलं. तेवढ्यात शेजारच्या काकू बाळं बघायला आल्या. दुधाला नजर लागते म्हणून सासूबाईंनी माझ्यावर लुगडं टाकलं. मुलगी सुटली आणि रडू लागली. तिच्या रडण्याने मुलगाही सुटला.

"आई, लुगडं काढा. मले तिचं तोंड दिसत नाई."

"राहू दे वं. पाहून राह्यल्या ना त्या."

काकू हलल्या नाहीत. "दोघांले पुरते का वं तुह्यं? डब्याचं काऊन नाई देत?"

त्या चहा पिऊन गेल्या, तोवर दोघंही रडून झोपली होती. मुलगी उपाशीच.

बाळं बघायला आलेल्यांना न दुखावता बाहेर कसं बसवायचं? तुम्ही काय म्हणता? दुखावलं तरी चालेल. मुलगी उठायच्या आत सांगा.