पाहुण्यांसाठी साफ केलेली बाग

आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आधी झाडू शोधतात. पाहुणे शेत बघायला येणार असतील तर मग विचारूच नका. या बांधापासून त्या बांधापर्यंत गवताची काडी दिसता कामा नये. रानात तण दिसलं की मालकाची अब्रू गेली. सोयरीक जुळवायला आलेली माणसंसुद्धा पोरगा बघायच्या आधी रान बघतात. मी याच समजुतीत वाढलो आणि कृषी पदविका घेऊनही ती माझ्या डोक्यातून गेली नाही. तिच्यापायी मी जे करून बसलो, ते आता लिहितो आहे. लिहून काही भरून येत नाही, हे कळतं.

आमचं रान वडीगोद्रीहून तीर्थपुरीकडे जाताना रस्त्यालगतच लागतं. एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, तिथं दीड एकरावर द्राक्षाचा मांडव उभा केला. वडील लवकर गेल्यामुळे घर त्याच्याच अंगावर होतं. तो सातवीत शाळा सोडून रानात आला आणि मला मात्र त्यानं पदविकेपर्यंत शिकवलं. हे त्यानं मला कधी ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्या काळी द्राक्ष म्हणजे औषध असं समीकरणच होतं. ढग आले की फवारा, दव पडलं की फवारा. तोंडाला गमछा बांधायचा आणि पाठीवर पंप घेऊन निघायचं. एका वर्षी दिवाळीनंतर आभाळ भरून राहिलं आणि दादानं सलग तीन दिवस फवारणी केली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो मांडवाखालीच पडला. तोंडाला फेस आला होता. बैलगाडीतून वडीगोद्रीला आणि तिथून जीपनं जालन्याला नेला. चार दिवस तो कोणाला ओळखत नव्हता. बरा होऊन आला आणि पहिलं काम त्यानं काय केलं असेल, तर पंप आडात टाकला. पुढच्या वर्षी मांडवही मोडला. नंतर कधी एस.टी.त शेजारी औषधाचा डबा घेऊन कोणी बसलं तरी तो उठून मागं जायचा.

बरीच वर्षं आम्ही कापूस, तूर, थोडी मोसंबी यांच्यावर काढली. नवं शतक लागलं आणि वाइनच्या द्राक्षांचं वारं आलं. एका कारखान्याचे लोक गावोगाव फिरून करार करत होते. त्यांना रासायनिक औषध न मारलेली द्राक्षं हवी होती. मी घरी येऊन दादाला सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"इथं इख येणार न्हाई. इख आलं तर मी येणार न्हाई. शब्द दे."

बागेत विष आणणार नाही, असा मी त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. त्यात मला अवघड काहीच वाटलं नव्हतं.

गावात थट्टा झालीच. दादाच्या गळ्यात तुळशीची माळ. माळकरी माणूस दारूची द्राक्षं पिकवतो म्हणून पारावर रोज विषय निघायचा. दादा म्हणायचा, "मी द्राक्षं पिकवून राह्यलो. पुढचं पिणारानं बघावं."

बाग मात्र त्यानं अशी लावली की मला लाज वाटावी. वेलींच्या ओळींमध्ये चवळी पेरली, कडेनं झेंडू लावला, आणि गवत तसंच राहू दिलं. उपटायचं नाही, विळ्यानं गुडघ्याएवढं कापायचं आणि कापलेलं वेलींच्या बुडाशी अंथरायचं. मी म्हणालो, "लोक काय म्हणतील? आळशाचं रान दिसतंय." त्यानं मला हाताला धरून चवळीच्या ओळीत खाली बसवलं आणि पान उलटं करून दाखवलं. पानावर मावा होता आणि तो खाणारे लाल, काळ्या ठिपक्यांचे किडे होते.

"ही आपली माणसं हायेत," तो म्हणाला. "ह्यांना राहायला जागा पायजे का न्हाई? गवत काढलं तर ही कुठं जातील? अन् वेलीवर कीड आली तर मंग कोणाला बोलावणार?"

पहिली दोन वर्षं बागेत खरोखर कीड टिकली नाही. पानांवर भुरीचा पांढरा रोग आला तर दादा गंधकाची भुकटी फडक्यात बांधून झटकायचा. वहिनी निंबोळ्या वाटून अर्क करायची. दव असलं की पहाटे उठून तो ओळीओळीनं फिरायचा आणि एकेक पान हातात घेऊन बघायचा. मी तेव्हा कागदपत्रं, कारखान्याच्या चकरा आणि बोलणं सांभाळत होतो. बोलणं माझ्याकडे पहिल्यापासून होतं.

मग बाग बघायला लोक येऊ लागले. कारखाना थंडीच्या दिवसांत औरंगाबादकडची, पुण्याकडची मंडळी गाडीतून आणायचा. डोक्यावर टोप्या, गळ्यात कॅमेरे. द्राक्ष तोंडात टाकलं की हमखास कोणीतरी म्हणायचं, "अहो, ही तर बारीक आहेत, बियाही आहेत." मग मी हसून वाइनची द्राक्षं अशीच का असतात ते सांगायचो. चवळीचं पान उलटं करून लाल किडे दाखवायचो आणि म्हणायचो, "ही आपली माणसं आहेत." लोक खूश व्हायचे, वहीत लिहून घ्यायचे. वाक्य दादाचं होतं, हे मी एकदाही सांगितलं नाही. तो पाण्याच्या मोटारीपाशी किंवा गोठ्यात कुठंतरी असायचा. निघताना मला शाल आणि नारळ मिळायचा. घरात अशा सात-आठ शाली साठल्या होत्या. त्यातली एक दादा पांघरायचा, मीच दिलेली.

तिसऱ्या वर्षी निरोप आला की पंधरा दिवसांनी मोठी मंडळी येणार आहेत, दोन बस भरून. कारखान्याचे मालकही सोबत. मला झोप लागेना. डोळ्यांपुढं ते गवत यायचं. एवढी माणसं येणार आणि आपल्या रानात गुडघाभर तण. दादा तेव्हा मोसंबीच्या पाण्यात गुंतला होता. मी त्याला न विचारता मजूर बायका लावल्या. दोन दिवसांत गवत, चवळी सगळं मुळासकट काढलं, बांध तासला आणि कचरा पेटवून दिला. ओळी अगदी अंगणासारख्या दिसायला लागल्या.

दादानं येऊन बघितलं. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. तो फक्त राखेपाशी उभा राहिला.

"पाव्हण्यांसाठी केलंस?"

"हो. एवढ्या वेळेपुरतं, दादा. पुन्हा येईलच की."

"गवत येईल," तो म्हणाला आणि पाण्याकडे गेला.

पाहुण्यांनी बागेचं फार कौतुक केलं. एकानं तर म्हटलं, इतकी स्वच्छ सेंद्रिय बाग मी पाहिली नाही. मी त्या दिवशी भाषणच केलं. फक्त पान उलटं करून दाखवायला चवळी उरली नव्हती.

तीन आठवड्यांत घडांमध्ये पांढरं दिसायला लागलं. कापसासारखा चिकट पुंजका. पिठ्या ढेकूण. उघड्या जमिनीतून मुंग्या वर चढत होत्या आणि त्याला वेलीवेलीवर नेत होत्या. दादा आणि वहिनी दिवसभर घड पुसायची, खोडांना चिकट पट्ट्या बांधायची. दादा म्हणायचा, "धीर धर. चवळी टाकलीय पुन्हा. थोडा माल जाईल, बाग राहील." मला धीर नव्हता. पुढच्या रविवारी आणखी एक गाडी येणार होती आणि तोडणीही जवळ आली होती. पांढरे घड दाखवून मी काय बोलणार होतो?

त्याच आठवड्यात दादाच्या लेकीच्या मुलाचं बारसं निघालं, तीर्थपुरीला. दादा-वहिनी दोन दिवसांसाठी गेले. मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं आणि परत येताना वडीगोद्रीच्या दुकानातून औषध घेतलं. पंप शेजारच्या गावातून मागून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणी उरकली आणि रिकामा डबा खड्डा करून पुरला. हे करताना माझा हात थरथरला, असं लिहावंसं वाटतं. पण तसं झालं नाही. मला मोकळं वाटत होतं.

दादा तिसऱ्या दिवशी आला तो बसमधून उतरून थेट रानातच. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी होती, माझ्यासाठी. बांधावर पाय ठेवला आणि तो थांबला. त्याला वास आला. त्या वासाबरोबर काय काय आलं असेल, ते मला आज समजतं.

"मारलंस?"

"थोडंच, दादा. एकदाच."

"बराबर," तो म्हणाला. पुडी बांधावर ठेवली आणि माघारी फिरला. त्या बागेत त्यानं नंतर पाय ठेवला नाही.

माल कारखान्यात गेला, कोणाला काही कळलं नाही. रविवारी आलेल्या मंडळींना मी सांगितलं की या बागेत औषधाचा थेंब पडलेला नाही. जीभ अडखळली नाही. त्याच उन्हाळ्यात दादानं वाटणी मागितली. भांडण नाही, पंच नाहीत. बाग त्यानं आपण होऊन मला दिली आणि बांधापलीकडचं मोसंबीचं रान घेतलं. वहिनी दही लावलं की आमच्याकडे वाटी पाठवायची, तसं पाठवत राहिली. दादा माझ्याशी बोलायचाही, पाऊसपाण्याचं, पोरांचं. बागेचं सोडून सगळं.

मोसंबीखाली त्यानं चवळी टाकली आणि गवत वाढू दिलं. पुढच्या हिवाळ्यात मी पाहुण्यांना ओळी दाखवत होतो, तर एका बाईंनी बांधापलीकडं बोट दाखवून विचारलं, "ते रान कोणाचं हो? एवढं गवत माजलंय." दादा तिथंच दहा पावलांवर पाठमोरा बसून म्हशीसाठी गवत कापत होता.

"शेजाऱ्याचं," मी म्हणालो.

विळा थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी मंडळींना घेऊन पुढच्या ओळीत गेलो.

दोन-तीन वर्षांत माझी बाग संपली. एकदा औषध आत आलं ते दरवर्षी येत राहिलं, आणि कारखान्यानंही आमच्या भागातली खरेदी बंद केली. वेली मी मशीन लावून उपटून टाकल्या. वेलींना आधार दिलेले लोखंडी अँगल आणि तारा तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या काढायचंही माझ्यानं झालं नाही.

आणि मग एका सकाळी दादा दारात आला. कृषी महाविद्यालयाची मुलं त्याची मोसंबी बघायला येणार होती, कारण औषध न मारता ती टिकली होती. तो चप्पल न काढता बाहेरच उभा होता.

"मला चार माणसांत बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "तू चल. तूच सांग त्यांना. तुला येतं."

मी गेलो. मुलं बांधावर रांगेनं उभी होती. मी गवताविषयी बोलायला लागलो, वाकून चवळीचं पान उलटं केलं, लाल किडे होते. तेवढ्यात एका मुलीनं मागं वळून ते अँगल, ते उजाड रान बघितलं.

"सर, हे पडीक रान कोणाचं?"

दादा मागं उभा होता, हातात विळा घेऊन.

"आमचंच हाय," तो म्हणाला. "भावाचं अन् माझं."

मुलांनी ते वहीत लिहून घेतलं आणि ती माझ्याकडे बघत थांबली. उलटं केलेलं पान माझ्या हातात तसंच होतं.

"बोल की," दादा म्हणाला. पण त्या दिवशी मला पुढं बोलता आलं नाही.