शनिवारची रेस आणि खेर काकांची गाडी

लग्नाच्या पत्रिका टाकवत नाहीत आणि साठतच जातात, तसे आमच्या शनिवार मंडळाचे किस्से साठलेत. मंडळ म्हणजे माधव नगरातले आम्ही सहा-सात जण. अड्डा खेर काकांचा हॉल आणि पिक्चर कायम एकच: मोटार रेसचा, जुना, इंग्रजी. त्यातल्या गाड्या आता खेळण्यातल्या वाटतात. तरी इंजिनं गरजली की माझ्या अंगावर अजून काटा येतो, पोहे थंड होतात आणि कुणाला पर्वा नसते!

०

काका रिटायर्ड रेल्वे गार्ड. पिक्चरमध्ये रेस सुरू करायला एक गोरा नुसता झेंडा हलवतो. काकांना हे मंजूर नाही. "शिट्टीशिवाय गाडी सोडतात का?" म्हणून आमच्याकडे तिथे पिक्चर थांबतो, काका शिट्टी मारतात, मग रेस सुटते.

एकदा शिट्टीच सापडेना. मी म्हटलं, "काका, आज राहू द्या ना."

"अरे वा! अ‍ॅक्सिडेंट झाला तर जबाबदार कोण?"

वीस मिनिटं सगळ्या गाड्या स्क्रीनवर उभ्या!

०

इंग्रजी उच्चार आमच्या डोक्यावरून जातात, म्हणून गोष्ट काका सांगतात. हिरो आणि त्याचा दुश्मन मावसभाऊ, लहानपणी भांडलेले. शेवटी ते हात मिळवतात तेव्हा मंगलाकाकू, म्हणजे काकांची बायको, दरवेळी डोळे पुसणार.

मागच्या वर्षी मी सबटायटल्स लावली. मावसभाऊ नव्हतेच! दोघांची ओळखच मुळी दुसऱ्या सीनमध्ये होते. काकू कडाडल्या, "मग इतकी वर्षं मी रडले कुणासाठी?"

काका शांत. "लिहिणाऱ्याला काय माहीत? बंद कर ते."

बंद केलं. काकू पुन्हा रडल्या.

०

मंडळाला रेसचा झेंडा हवा होता, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा. भैरवगढला ठप्पे मारून कापड छापणाऱ्या एका उस्तादांना फोटो दाखवून ऑर्डर दिली. झेंडा आला. प्रत्येक पांढऱ्या चौकटीत एकेक लाल कोयरी!

"उस्ताद, ये क्या?"

"भिया, इत्ती जगह खाली छोड़ देता तो लोग बोलते, उस्ताद के हाथ दुख रिये थे!"

झेंडा आता काकूंच्या टेबलावर अंथरलाय. फार शोभतो.

०

देवासला एका लग्नाला जाताना काकांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. "पिट स्टॉप!" काका ओरडले. आम्ही चौघं उतरलो, मी मोबाईलवर टाइम लावला. जॅक, नट, चाक... सहा मिनिटं! टाळ्या झाल्या. गाडी दहा पावलं गेली आणि बसली. घाईत पंक्चरवालंच चाक परत लावलं होतं!

काका म्हणाले, "पण टाइम बघ ना!"

०

यंदा मात्र पंचाईत झाली. काकांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं. त्यांचा पुण्याचा मुलगा म्हणाला, चालवणारं कुणी नाही तर गाडी विकून टाका. काका दोन शनिवार शिट्टी न मारता बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या शनिवारी काकू म्हणाल्या, "मी लायसन्स काढते. मग तर नाही ना विकणार?" वय अडुसष्ट!

टेस्टच्या दिवशी अख्खं मंडळ आरटीओबाहेर हजर. आठचा आकडा, रिव्हर्स, सगळं एकदम व्यवस्थित. इन्स्पेक्टरने विचारलं, "आंटी, किसने सिखाया?"

"क्लच क्लासवाले ने, बाकी सब सोफे पे, पिक्चर देख-देख के!"

पास! काकू गाडी काकांकडे सोपवून कागद आणायला आत गेल्या, तोवर काका गाडीपाशी उभे होते. काकू आल्या तसे ते सवयीने उजव्या दाराकडे गेले, थबकले, आणि वळसा घालून डावीकडे जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा! बेल्ट लावला, दोन्ही हातांनी वरचं हँडल धरलं, डोळे गच्च मिटले.

"जय महाकाल! मंगल, हळू... हळू गं... अगं, हळू!"

काकू म्हणाल्या, "अहो, आधी खिशातली किल्ली तर द्या!"