तिला लस लागणार नाही म्हणाले

मध्यभारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी इंदूरला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. सरकारने एका परदेशी संस्थेबरोबर क्षयाच्या लशीची मोहीम काढली होती आणि गावोगाव जायला त्यांना विद्यार्थी हवे होते. आमच्या वर्गातले सहा जण निघाले, त्यात मुलगी मी एकटीच. आई नको म्हणत होती. होळकरांच्या कचेरीत जन्म काढलेले माझे वडील म्हणाले, "जाऊ दे तिला. शिकतेय कशासाठी मग?"

सांवेरच्या पुढच्या एका गावात आमची जीप थांबली. आमची प्रमुख एक परदेशी नर्स होती. चाळिशीची, उंच, हिंदीचे चार शब्द येणारी. काम तिने नीट समजावून दिलं होतं. पहिल्या दिवशी हातावर चाचणीची सुई टोचायची. तीन दिवसांनी परत यायचं. हात साफ असेल तर लस द्यायची. लाल, कडक गाठ आली असेल तर लस नाही, कारण जंतू अंगात आधीच शिरलेले असतात. गाठ मोठी आणि वर खोकला असेल, तर त्या माणसाला तपासणीसाठी इंदूरला पाठवायचं.

बायका घराबाहेरच पडेनात. तेवढ्यात माझ्याच वयाची एक सून पुढे आली आणि घुंगट मागे सारून तिने हात पुढे केला.

"डाक्टरनी बई, पेलां म्हारे लगाव." आधी मला टोच, म्हणत होती.

सुई टोचली तेव्हा ती हसली आणि मागे वळून दारांआडून बघणाऱ्या बायकांना हात दाखवला. मग घराघरांत जाऊन तीच बायकांना घेऊन आली. दुपारी तिच्या सासूने मला ज्वारीची भाकरी वाढली, तेव्हा ही शेजारी बसून विचारत होती, मुली डाक्टर होतात तर त्यांच्याशी लग्न कोण करतं? मी म्हटलं, कोणी नाही करत. आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता तिला ठसका लागला. बराच वेळ थांबेना.

तीन दिवसांनी तिच्या हातावर रुपयाएवढी गाठ होती, वर पाणी भरलेले फोड. रांग लांब होती, ऊन चढलं होतं, मागून आमचा एकजण ओरडत होता, "जल्दी करो ना भिया, अभी दो गाँव बाकी हैं!" तिने लशीसाठी हात पुढे धरून ठेवला होता.

"तुला लस लागणार नाही," मी हिंदीत सांगितलं. "तुला जरूरत नाही."

तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, आपण पास झालो. "म्हारे तो जरूरत ज नी!" असं सांगत ती बायकांमध्ये गेली. मी तिला हाक मारणार होते. खोकल्याचं नर्सला सांगणार होते. पुढचा हात समोर आला आणि मी तो धरला.

वर्षभराने त्याच भागात दुसरी फेरी निघाली. नर्स मायदेशी परतली होती. मी उतरल्याबरोबर त्या सुनेच्या घरी गेले. सासू ओट्यावर गहू निवडत होती.

"गई वा," ती म्हणाली. "गेली ती, दिवाळीच्या आधी. खोकताना रक्त पडायचं. आम्ही इंदूरला चल म्हटलं तर ऐकेना. म्हणायची, डाक्टरनी बईने सांगितलंय, मला काही होणार नाही."

मी तिथेच खाली बसले आणि सगळं सांगितलं. गाठीचा खरा अर्थ काय होता, मी काय बोलले, काय बोलायचं राहिलं.

तिने सूप बाजूला ठेवलं. "तेव्हा सांगितलं असतंस तर वाचली असती?"

औषधं तेव्हा आली होती. मिळायची मुश्किलीने, पण आली होती. "वाचली असती, बहुतेक," मी म्हणाले.

ती उठून आत गेली. मी निघेपर्यंत ती बाहेर आली नाही.

त्या दिवशी मी सुई टोचताना प्रत्येक बाईला थांबवून, गाठ आली तर तिचा अर्थ काय ते, समजलं का असं दोनदा विचारून सांगत होते. बरोबरची मुलं चिडली, मी लक्ष दिलं नाही.

तीन दिवसांनी हात बघायला गेलो तेव्हा सासू रांगेत उभी होती. बरोबर तिची चौदा वर्षांची मुलगी; तिला पहिल्या दिवशी आमच्यातल्या एका मुलाने सुई टोचली होती.

"हिचा हात बघ," ती म्हणाली. "जे असेल ते साफ सांग."

गाठ मोठी होती, खोकलाही होता. मी सांगितलं. त्याच जीपमधून दोघींना इंदूरला आणलं.

मुलगी बरी झाली. सासू नंतर दोन-तीनदा दवाखान्यात दिसली. मी नमस्कार करायचे. ती मान वळवून मुलीचा हात धरून निघून जायची.