चाळिसाव्या रकान्यातलं भोक

मला धीर असा कधी नव्हताच. बंगळुरातल्या यशवंतपूरच्या कारखान्यात मी कार्डांना भोकं पाडायला लागले, त्या पहिल्याच दिवशी स्वतःचं आणि बरोबर लागलेल्या चौघींची कार्डं घाईघाईने उरकून टाकली. हे साठीच्या दशकातलं. माणशी एक जाड कार्ड आणि त्यात त्या माणसाची सगळी कुंडली भोकांनी मांडलेली. माणूस हंगामी असेल तर चाळिसाव्या रकान्यात भोक.

वर्षभराने हुकूम आला. हंगामी तेवढी कार्डं निवडून त्यांच्या नकला दुसऱ्या पेटीत भरायच्या, पेटी वर जाईल, त्यातली माणसं कायम होतील. मी यंत्राच्या फळीवर तारा खोचल्या, म्हणजे कोणती कार्डं उचलायची ते त्याला कळतं, आणि गठ्ठा लावला. खडखडाट थांबला तेव्हा नकलांमध्ये माझं कार्ड नव्हतं. मूळ कार्ड उजेडात धरलं. भोक एकेचाळिसाव्या रकान्यात होतं. माझीच करणी.

जवळपास कोणी नव्हतं. मी गुपचूप चाळिसाव्यात भोक पाडलं, कार्ड पुन्हा यंत्रात घातलं आणि नक्कल पेटीत सरकवली. त्या संध्याकाळी मल्लेश्वरमच्या खोलीत माझा पाय ठरेना. तीनदा पाणी प्याले, दोनदा कुलूप लावून रस्त्यावर फिरून आले. पकडले जाण्याची भीती आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. सकाळी वेणी घालताना डोक्यात प्रकाश पडला. त्या चौघींची कार्डंही माझ्याच हातची होती.

वेणी अर्धवट टाकून मी बस गाठली. आमच्या विभागाचे प्रमुख अण्णा, कैक पिढ्या बंगळुरात मुरलेल्या मराठी घरातले, पेटीला दोरी बांधत होते. चौघींचा रकाना माझ्या हातून चुकलाय, हे मी एका दमात सांगून टाकलं.

"स्वल्प बस की गं," ते म्हणाले. चारही कार्डं काढून त्यांनी उजेडात धरली. "सरी, ठीक आहे. पाड भोकं, करू नकला." मग दोरी सोडता सोडता थांबले. "तुझं कार्ड पण त्याच दिवसाचं की. ते कसं बरोबर गेलं?"

"काल दुरुस्त केलं."

मला वाटलं, आता माझी नक्कल बाहेर काढतील. त्यांनी ती तशीच राहू दिली.

"काल त्या चौघी आठवल्या नाहीत होय?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हत्या आठवल्या. त्याची लाज मला आजही वाटते.