देवी नव्हती, साखर उतरली होती

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचेची नळी उजेडात धरली. निळ्या औषधात माझी लघवी घालून ती तापवली होती, आणि आतला रंग विटेसारखा लाल झाला होता. "यांना डायबिटीस आहे. इन्सुलिन आयुष्यभर घ्यावं लागेल," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. मी शेजारीच स्टुलावर बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

हे आठवले की आजही माझे डोके तापते. तुमच्या घरात हे दुखणे नव्याने आले असेल तर हे वाचा. गोड बोलायला मला जमणार नाही.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. सानगडी गावात सून म्हणून येऊन वर्षही झाले नव्हते. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून धान लावताना घसा कोरडा पडायचा. कितीही पाणी प्यायले तरी तहान भागेना. पोटभर जेवूनही हाडे दिसू लागली. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली." नजर उतरवण्यात दिवस गेले. उलट्या सुरू झाल्या तेव्हा कुठे मला भंडाऱ्याच्या बसमध्ये घातले.

घरी आल्यावर नवरा सुई द्यायला शिकला. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, इन्सुलिनची बाटली ओल्या रेतीतल्या मडक्यात ठेवायची. डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातून माझ्यापर्यंत दोनच गोष्टी पोचल्या. सुई चुकवायची नाही, आणि साखर म्हणजे विष.

मग नवरात्र आले. सासूबाई म्हणाल्या, "औषध घे, पण उपास मोडू नको." नवऱ्याने सकाळी सुई दिली आणि विकायच्या कापडाचे गाठोडे घेऊन तो साकोलीच्या बाजाराला गेला. माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हते.

आरतीच्या वेळी मला दरदरून घाम फुटला. हातपाय थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, जीभ जड झाली. मी डोलू लागले असणार, कारण कुणीतरी ओरडले, "आली! माय आली!"

माझे केस सोडले. कपाळभर कुंकू फासले. बाया पाया पडू लागल्या. "माय, माही गाय कोठी गेली सांग!" "माह्या पोरीचं लगन कवा जमन?" माझा जीव चालला होता आणि यांना गायीचा पत्ता हवा होता! मी काहीतरी पुटपुटले, तर त्याचाही अर्थ लावत बसल्या. धड शुद्धीत असते तरी मी साखर मागितली नसती, कारण ती विष आहे एवढेच मला शिकवले होते.

शेजारणीने नैवेद्याचे बत्तासे माझ्या तोंडाशी आणले. सासूबाईंनी तिचा हात धरला. "हिले गोड चालत नाही." मग त्याच म्हणाल्या, "पण देवीले चालते ना!" आणि त्यांनीच एकेक बत्तासा मला चारला. थोड्या वेळात माझा घाम ओसरला, माणसे ओळखू येऊ लागली. देवी तृप्त होऊन गेली, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मला भंडाऱ्याला नेले. डॉक्टर त्याच्यावरच खेकसले, "यांना उपाशी ठेवू नका म्हणालो होतो ना?" नवरा खाली बघत म्हणाला, "मले वाटलं, एक दिवसानं काय होते." माझा स्वतःवरचा ताबा सुटला. मी विचारले, "डॉक्टरसाहेब, सुई कोणाले लागते?"

"तुम्हाला."

"मंग माह्याशी बोला!"

आणि ते बोलले. तेच तुम्हाला सांगते. इन्सुलिन हे हार्मोन आहे. हार्मोन म्हणजे शरीरात एका जागी तयार होऊन रक्तातून दुसरीकडे जाणारा निरोप. इन्सुलिनचा पेशींना निरोप असा, की रक्तातली साखर आत घ्या. ते पेप्टाइड जातीचे आहे, म्हणजे अमिनो आम्लांचे मणी माळेसारखे गुंफलेले. डाळीतली प्रथिने त्याच मण्यांची असतात. म्हणून ते गिळले तर पोट डाळीसारखेच पचवून टाकते, आणि सुईच घ्यावी लागते. सुई घेऊन जेवला नाहीत तर साखर फार उतरते. त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. घाम, थरथर, भ्रम. अशा वेळी गिळण्याची शुद्ध असेल तर साखरच औषध, नाहीतर थेट दवाखाना.

एवढेच होते. हे मला आधी सांगायला काय जात होते?

घरी येऊन मी हे सारे सासूबाईंना समजावले. त्यांनी मान डोलावली, पण पटले की नाही ते कळले नाही. पुढच्या नवरात्रात गल्लीतली एक बाई घुमू लागली. बाया प्रश्न घेऊन धावल्या. सासूबाई मध्ये घुसल्या आणि ओरडल्या, "पहिले गोड घाला, मंग विचारा!" त्यांनी स्वतः तिला गूळ चारला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसल्या. गूळ संपला तरी ती घुमतच होती.

तेव्हा सासूबाई समाधानाने माझ्याकडे वळल्या. "हे देवीच आहे," त्या म्हणाल्या. "पेप्टाइड नाही."

मी वाद घातला नाही. गूळ आधी दिला होता.